डब्याची जागा

४ मार्च

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र परवा पोचलं. गुडघा आता बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. जिने कमी चढत जा. सांगून तुम्ही ऐकणार नाही हे मला ठाऊक आहे, पण सांगायचं काम माझं. आम्ही इकडे ठीक आहोत. ‘आम्ही’ असं सवयीने लिहून गेले. मी इकडे ठीक आहे आणि तुमचे दादा तिकडे शुश्रूषा केंद्रात ठीक आहेत, असं वाचा.

दादांच्या तपासणीचा निकाल असा कसा लागला, हे तुम्ही विचारलंय. फोनवर तुम्ही रडत होतात, मलाही नीट बोलता येईना. म्हणून आता सगळं सविस्तर लिहिते.

दवाखान्यातल्या त्या ऑक्युपेशनल थेरपीच्या बाई तुम्हाला आठवत असतील. पहिल्यांदा ते नाव ऐकून मला वाटलं होतं, या आता यांना परत नोकरीवर पाठवणार. तसं काही नसतं. पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या माणसाला स्वतःचं स्वतः किती करता येतं ते त्या बघतात. कपडे, अंघोळ, औषधं, स्वयंपाकघर. आधी शिकवतात आणि शेवटी घरी येऊन तपासतात. दिवसभर मी चष्म्याच्या दुकानात असते, घरात तिसरं माणूस नाही. त्यामुळे आमच्याकडे सगळं एकाच गोष्टीवर अडलं होतं. हे नऊ ते सहा एकटे राहू शकतात असं बाईंनी लिहिलं तर घरी राहायचं, नाही तर केंद्रात जायचं. मधे काही नाही.

तीन आठवडे घरी ठेवून बघा, मग मी येते, असं त्या म्हणाल्या होत्या. त्याप्रमाणे आल्या. वयाने लहान आहेत पण गडबड नाही. तपासताना त्या दोन्ही हात पाठीमागे धरून उभ्या राहतात, फक्त लिहिण्यापुरते पुढे आणतात. मी विचारलं तर म्हणाल्या, “नाही तर हात आपोआप मदतीला जातो हो. मी मदत केली की त्यांचे गुण जातात.” गुण असे असतात: आपलं आपण केलं, आठवण करून दिल्यावर केलं, हात लावल्यावर केलं, जमलं नाही. घरच्या माणसाने तर तोंडसुद्धा उघडायचं नाही. मला स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसवलं होतं.

सदऱ्याचं वरचं बटण लावायला यांना चार मिनिटं लागली. बाई शांतपणे थांबल्या. गोळ्यांची डबी बरोबर भरली. घड्याळ बरोबर वाचलं, वर आमचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे हेही सांगितलं. जन्मभर दुकानदारांचे काटे आणि मापं तपासलेला माणूस, तो काय घड्याळ सोडणार. “गॅसचा वास आला तर काय कराल?” असं बाईंनी विचारलं. हे म्हणाले, “हिला हाक मारीन.” “त्या घरी नसल्या तर?” “मग ती येईपर्यंत थांबीन.” तिथे बाईंनी काहीतरी लिहिलं. पुढे त्यांनीच समजावलं, खिडकी उघडायची, बाहेर जायचं. यांनी ते लगेच परत म्हणून दाखवलं.

आणि मग चहा. चहा जमला नाही, वन्सं. डबा सापडला नाही यांना. मग गोंधळले, भलतंच काही काढून ठेवलं, पाणी आटून गेलं आणि गॅस बाईंनाच बंद करावा लागला. बाकी सगळं काठावर होतं, सगळी भिस्त त्या चहावर होती. बाईंनी लिहिलं, घरी एकटं ठेवणं सुरक्षित नाही. असं व्हायचं होतं, झालं.

केंद्र स्वच्छ आहे. खोलीत दोघं असतात, शेजारच्या खाटेवर एक निवृत्त ड्रायव्हर आहेत. ते दिवसभर डोळे मिटून पडलेले असतात आणि वळण आलं की कुशीवर होतात, असं हे म्हणतात. म्हणजे थट्टा करण्याइतके हे बरे आहेत. जेवणाच्या खोलीत एक वजनकाटा आहे, त्याच्याकडे हे संशयाने बघत असतात. मी बुधवारी आणि रविवारी जाते.

तुम्ही लोकरीचा बंडीकोट विणताय असं लिहिलंय. बटणं मोठी लावा, किंवा लावूच नका.

तुमची,
वहिनी


१९ मार्च

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुमच्या पत्रात नमस्कार नव्हता, म्हणून माझा दोघींच्या वाटचा समजा.

तुम्ही रागावलात ते मी समजू शकते. तुम्ही लिहिता, “मी जानेवारीत दोन दिवस येऊन राहिले. दोन्ही सकाळी दादाने केलेला चहा मी स्वतः प्यायले. डोळे झाकून डबे काढत होता. तोच माणूस दहा दिवसांत नापास कसा होतो?” सोबत फेरतपासणीचा फॉर्म पाठवलात, माझी सही जिथे हवी तिथे पेन्सिलीने फुलीही करून दिलीत. शाळेत मास्तरीण होतात ते उगाच नाही.

सही मी अजून केलेली नाही. फॉर्म टेबलावर आहे, त्यावर मीठदाणी ठेवली आहे, उडू नये म्हणून.

खरं आहे, चहा हे करत होते. लग्न झाल्यापासून सकाळचा चहा यांचाच. मला आजवर कधी बिछान्यातून उठून गॅस पेटवावा लागला नाही, हे मी मैत्रिणींना अभिमानाने सांगत असे. झटक्यानंतर यांना माझं नाव आठवत नव्हतं, पण ओट्यापाशी उभं केलं की उजवा हात लटपटत का होईना वरच्या फळीवर जायचा, डावीकडून दुसरा डबा. बाई म्हणायच्या, डोक्यातलं गेलं तरी हातातलं राहतं, त्याच्याच आधाराने पुढे जायचं. तुम्ही आलात तेव्हा तुम्ही ते पाहिलंत. पण तुम्ही दोन दिवस होतात, वन्सं. आणि तुम्ही होतात म्हणून हे दोन दिवस चांगले होते. पाहुण्यांपुढे हे नेहमीच चांगले असतात.

बाकीचे एकोणीस दिवस मी कोणाला सांगितलेले नाहीत.

हे माझ्यामागे खोलीखोलीतून फिरायचे. “तू माझ्या वस्तू हलवतेस.” चष्मा, वही, चपला, यांची जुनी पितळी मापं. सगळं जिथल्या तिथे असायचं. मी दाखवायची, हे बघा, इथेच आहे. “आता ठेवलंस. मी बघितलं नाही असं तुला वाटतं. मी असली माणसं रोज पकडली आहेत.” वन्सं, मी एक टाचणीही हलवली नव्हती. मी शपथ घ्यायची. हे हसायचे. ते हसणं तुम्ही ऐकलेलं नाही, आणि देव करो कधी ऐकायला न लागो.

एका रविवारी दुपारी जेवताना यांनी माझं मनगट धरलं. डाव्या हाताने. डावा हात चांगला आहे हे तुम्हाला माहीत आहे. भाताचा घास माझ्या हातात तसाच. मी सोडा म्हटलं तर सोडेनात, उलट म्हणाले, कबूल कर. मी कबूल केलं. काय कबूल केलं ते मलाही कळलं नाही. पुढे आठवडाभर मी दुकानात लांब बाह्यांचे ब्लाउज घालून गेले. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर काचा धरताना बाही वर सरकायची, ती खाली ओढत बसायची.

आणि एकदा दुकानातून आले तर आतून कडी. बेल वाजवली, हाका मारल्या. दारामागून आवाज आला, “ओळखपत्र दाखवा.” मी पायऱ्यांवर बसले. समोरच्या घरातल्या मावशींनी खुर्ची आणून दिली, वर काही विचारलं नाही, ते मला फार लागलं. पावणेतीन तासांनी कडी निघाली. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “किती उशीर केलास. मी चहाला थांबलोय.” आणि आत जाऊन चहा केला. छान झाला होता. मी तो प्यायले आणि कप धुऊन जागच्या जागी ठेवला.

हे मी बाईंना सांगायला हवं होतं. त्यांनी विचारलंही होतं, घरी काही त्रास? मी म्हटलं, नाही हो. कसं सांगणार? आपला नवरा मनगट पिरगाळतो हे कागदावर आलं की ते कागदावर राहतं. इतकी वर्षं ज्यांनी मोठा आवाज केला नाही त्यांच्या नावापुढे ते नको, असं वाटलं.

तुम्ही विचारलंत तसं सरळ सांगते. हे दवाखान्यात होते ते अडीच महिने मी शांत झोपले. सकाळी उठून स्वतः गॅस पेटवला, एकटीने चहा प्यायले आणि मला बरं वाटलं. मला हे घरी नको होते. तुम्हाला राग येईल. येऊ दे. मला माझाही येतो.

तरी तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर नाही, हे मला कळतंय. आज एवढंच लिहवतं. दुकान उघडायची वेळ झाली.

वहिनी


६ एप्रिल

वन्सं,

नमस्कार. या पत्रासोबत फॉर्म आहे. सही केली आहे. पण तो वाचण्याआधी हे वाचा.

बाई ज्या दिवशी येणार होत्या त्या सकाळी हे अंघोळीला गेले. दाराला कान लावून मी पाण्याचा आवाज ऐकला. मग स्टुलावर चढले आणि वरच्या फळीवरचा चहाचा डबा आणि साखरेचा डबा काढून खाली सिंकच्या कपाटात, साबणाच्या मागे ठेवले. फळी फार रिकामी दिसू नये म्हणून शेजारची मिठाची बरणी आणि डाळीचा डबा जरा जवळ सरकवून ठेवला. एका मिनिटाचं काम. एकोणीस दिवस जे केलं नाही त्याचे आरोप सोसले, ते विसाव्या नाही तर एकविसाव्या दिवशी करून टाकलं.

चहा सुरू करण्याआधी बाईंनी मला विचारलं, “वस्तू नेहमीच्याच जागी आहेत ना?” हा प्रश्न त्यांच्या कागदावर छापलेला असतो. मी म्हटलं, “हो.” त्यांनी खूण केली आणि हात मागे घेतले.

हे ओट्यापाशी गेले. पातेलं घेतलं, दोन कप पाणी मोजून घातलं, गॅस पेटवला. इथवर सगळं आपलं आपण. मग हात वर गेला, डावीकडून दुसरा. तिथे डबा नव्हता. हात तिथेच थांबला. आता हे ओरडणार, “हिने हलवलं” असं म्हणणार, असं मला वाटलं. आणि खरं सांगते, मी त्याचीच वाट बघत होते. ओरडले असते तर बाईंनीही ते पाहिलं असतं.

हे ओरडले नाहीत. फळीवर मी पूर्वी कागद अंथरला होता, निळ्या चौकड्यांचा. इतकी वर्षं डबा एकाच जागी राहिल्याने तिथे गोल वळ उठला आहे. आतला निळा रंग तसाच आहे, बाहेरचा विटला आहे. कागद बदलायचं मला सुचलं नाही. यांनी त्या वळावरून बोट फिरवलं, पूर्ण गोल. दुकानदाराच्या मापावरचं सील हे असंच बोटाने तपासायचे. मग मान वळवून यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारात स्टुलावर. वन्सं, त्या नजरेत काही गोंधळ नव्हता. झटक्याआधीचे तुमचे दादा होते ते.

बाईंनी विचारलं, “काय झालं? काही सापडत नाही का?”

हे माझ्याकडेच बघत म्हणाले, “विसरलो.”

मग मिठाची बरणी काढून त्यांनी ओट्यावर ठेवली आणि हात सोडून उभे राहिले. पाणी उकळत होतं. बाई नियमाप्रमाणे थांबल्या. मीही थांबले. मला एक शब्द बोलता आला असता. पाणी पूर्ण आटेपर्यंत मला वेळ होता.

इथवर तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं. पण पुढचंही सांगायला हवं.

मागच्या रविवारी मी ठरवून गेले. चहाचा डबा पिशवीत घातला होता. यांच्यासमोर ठेवून सांगायचं, मी हलवला होता, तुम्हाला कळलं होतं ना, मग बोलला का नाही. केंद्राच्या कोपऱ्यात एक पँट्री आहे. तिथल्या नर्सने मला मुभा दिली, पातेलं दिलं. म्हटलं, आधी चहा करू द्यावा, मग बोलू. डबा मी शेल्फवर ठेवला, डावीकडून दुसरा.

हे उभे राहिले. हात वर गेला नाही. मी म्हटलं, “अहो, चहा.” हे म्हणाले, “हो हो, चहा.” पातेल्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग डबा मीच काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा करून बूड बघितलं, सुलटा केला, हलवून कानाशी धरला. आणि मला म्हणाले, अगदी नम्रपणे, कुणा परक्या बाईला सांगावं तसं, “माफ करा. विसरलो.”

दोन महिने तिथे त्यांना कोणी गॅसजवळ जाऊ दिलं नाही. जाऊ देणार तरी कसे, कागदावर तसं लिहिलेलं आहे. चहा ट्रेमधून येतो, साखर घातलेला. हातातलं राहतं असं बाई म्हणाल्या होत्या, ते वापरात असलं तर राहतं, हे त्यांनी सांगितलं नव्हतं किंवा मी ऐकलं नव्हतं. पहिल्या वेळी हे विसरले नव्हते, माझ्यासाठी तसं म्हणाले होते. आता खरंच विसरलेत.

मला जे सांगायचं होतं ते सांगायला मी दोन महिने उशिरा पोचले. तरी सांगितलं. हे ऐकत होते. मग म्हणाले, “असं. मग दुकानदार कबूल झाला का?” मी म्हटलं, झाला. “बरं झालं,” म्हणाले आणि डबा परत माझ्या हातात दिला.

सोमवारी दुकानात रजा टाकून मी बाईंकडे गेले. सगळं सांगितलं, मनगटापासून. त्यांचे हात टेबलावर होते, तसे मी पहिल्यांदाच पाहिले. म्हणाल्या, “मी प्रत्येक घरी तो प्रश्न विचारते आणि लोक हो म्हणतात. कपाट उघडून बघायला हवं होतं.” त्यांनी माझ्यावर आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मी विचारलं, आता परत जमेल का. त्या म्हणाल्या, “स्वतःच्या ओट्यापाशी रोज उभे राहिले तर जमेलही. नाही जमलं तर मी तुम्हाला खोटी आशा दाखवली असं होईल.” यांच्या संशयावर आणि रागावर औषध असतं, ते डॉक्टरांना वेळेवर सांगितलं असतं तर तेव्हाच सुरू झालं असतं, हेही त्यांनी सांगितलं. तेही मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मी कोणाला विचारलं नव्हतं.

तर, येत्या शनिवारी मी यांना घरी आणते आहे, सहा आठवड्यांसाठी. औषध सुरू झालं आहे. दिवसा एक बाई येऊन बसतील, दुकानात मी अर्धा दिवस करून घेतलाय. सहा आठवड्यांनी फेरतपासणी. मला भीती वाटत नाही असं समजू नका. कालच मी आतल्या कडीचा स्क्रू काढून ठेवला. आणि हे घरी येणार म्हणून मला आनंद झालाय असंही लिहिणार नाही, तुम्हाला आता माझं खोटं ओळखू येईल.

फॉर्ममध्ये ‘फेरतपासणी मागण्याचे कारण’ असा रकाना आहे. तुम्ही तिथे पेन्सिलीने लिहून दिलं होतं, ‘रुग्णाच्या प्रकृतीत सुधारणा’. ते मी खोडलं. तिथे पेनाने लिहिलंय: ‘वस्तू नेहमीच्या जागी नव्हत्या. पत्नीने हलवल्या होत्या.’ दवाखान्यात द्यायच्या आधी तुम्ही वाचावं म्हणून तुमच्याकडे पाठवते आहे. तुमच्या नातेवाइकांत कोणाला दाखवायचा असेल तर दाखवा.

एकच मागणं आहे. तपासणीच्या दिवशी तुम्ही या. दारातल्या स्टुलावर तुम्ही बसायचं, मी समोरच्या मावशींकडे जाऊन बसेन. बाईंनी विचारलं, वस्तू जागच्या जागी आहेत ना, तर उठून स्वतः बघा आणि मगच हो म्हणा. डबे मी परत ठेवलेत. कागद बदललेला नाही. चहाचा डबा त्या गोलात नीट बसतो, तुम्ही हात लावून बघू शकता.

मला पुढे काय हाक मारायची ते तुम्ही ठरवा. तोवर सवयीने लिहिते,

वहिनी